क्लाउडवरच्या मशीनला डिस्क किती आणि कशी द्यावी? (आमचं पॅकहाऊस रोज पावणेनऊला झोपतं)

पॅकहाऊसवाली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी हिशेब बघते. एकदा बारकोडचा प्रिंटर माझ्या हातून सुरू झाला, तेव्हापासून कॉम्प्युटरही मीच बघते.

आमचं सॉफ्टवेअर आधी ऑफिसातल्या कपाटातल्या सर्व्हरवर होतं. दिवाळीत ते क्लाउडवर नेलं, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर. एकच मशीन, लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस, १०० जीबीची एकच डिस्क. डिस्कचा प्रकार जीपी-२. ज्यांनी हलवून दिलं ते आता फोन उचलत नाहीत, सीझन संपल्यावर उचलतील बहुतेक.

त्रास असा. सकाळी ८ ला माल यायला लागतो. वजनकाट्यावर क्रेट ठेवला की वजन, शेतकऱ्याचा कोड, लॉट नंबर, स्टिकर. साडेआठपर्यंत सगळं लोण्यासारखं. पावणेनऊच्या सुमाराला स्टिकर यायला वीस-वीस सेकंद लागतात. बाहेर पिकअपची रांग, आत बायका हात बांधून बसलेल्या, आणि प्री-कूलिंगच्या दाराशी आमचे मालक माझ्याकडे बघत उभे. रोज. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा छान!

सीपीयू पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. तरी एकाच्या सल्ल्याने मशीन दुप्पट केलं, ४ जीबी मेमरीचं ८ केलं. बिल वाढलं, स्टिकर तसेच. आता दुसरा सल्ला आलाय की डिस्क १ टीबीची करा. पण १०० मधली ३८ जीबी तर रिकामीच आहे! जागा असताना जागा वाढवून काय होणार? आणि करायचीच तर एकच मोठी घ्यावी की ओएस, डेटा असे भाग पाडावेत?

---

कर्रकर्र_हार्डडिस्क | सोमवार, रात्री ९:५२

कपाटातला सर्व्हर परत लावा. प्रश्न मिटला.

---

सातपूरकर | सोमवार, रात्री १०:०५

@कर्रकर्र, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. मागे वॉशिंग मशीनच्या धाग्यावर पण "दगडावर धुवा" लिहिलं होतं.

ताई, सीपीयू रिकामा आणि काम अडलंय म्हणजे बहुतेक डिस्क. काम अडलेलं असताना टर्मिनलवर आयओस्टॅट "-एक्स" लावून चालवून बघा. त्यात प्रत्येक विनंतीला किती मिलिसेकंद थांबावं लागतं ते दिसतं. एक-दोन असेल तर ठीक, पन्नास-शंभरावर गेलं की डिस्कने मान टाकली समजा. (कमांड टाकताना इंग्रजीतच टाका. टर्मिनलला देवनागरी कळत नाही, मी एकदा प्रयत्न केलाय.)

---

चिवडा_कमी_तिखट | सोमवार, रात्री १०:११

मला यातलं काही कळत नाही पण "सकाळी ८ ला छान, पावणेनऊला झोप" हे माझ्याही बाबतीत होतं. चहा देऊन बघितला का?

---

आयओपीएस_आजोबा | सोमवार, रात्री ११:२०

पॅकहाऊसवालीताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते दोन ओळींत विखुरलंय. "जीपी-२" आणि "१०० जीबी".

डिस्कला दोन मापं असतात. एक जागा. दुसरं, सेकंदाला किती वेळा लिहू-वाचू देते ते. त्याला आयओपीएस म्हणतात. गोदाम मोठं असणं वेगळं आणि गोदामाला दारं किती हे वेगळं. तुमच्या गोदामात जागा आहे, दाराशी गर्दी आहे.

जीपी-२ मध्ये ही दारं जागेच्या हिशेबाने मिळतात, जीबीमागे ३. म्हणजे १०० जीबीला ३००. पण लहान डिस्कवाल्यांचं अगदीच अडू नये म्हणून सोबत एक उधारीची टाकी दिलेली असते. तिच्या जिवावर तुम्ही काही काळ ३००० पर्यंत पळू शकता. टाकीत ५४ लाख क्रेडिट मावतात, एक क्रेडिट म्हणजे एकदा लिहिणं किंवा वाचणं.

आता त्रैराशिक मांडा. सकाळी टाकी भरलेली. तुम्ही सेकंदाला ३००० उपसता, वरून नळ ३०० चा चालू. निव्वळ घट २७००. ५४ लाख भागिले २७०० म्हणजे २००० सेकंद, तेहतीस मिनिटं. ८ ला काम सुरू, जोर थोडा कमी-जास्त धरला तर साडेआठ ते पावणेनऊला टाकी कोरडी. त्यानंतर दिवसभर ३०० वर रखडत बसायचं. रात्री काम बंद, नळ चालूच. टाकी भरायला ५४ लाख भागिले ३००, म्हणजे १८,००० सेकंद, पाच तास. सकाळी पुन्हा काठोकाठ. म्हणून "दुसऱ्या दिवशी पुन्हा छान".

माझ्या शब्दावर जाऊ नका. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसची मोजमापं दाखवणारी सोय) त्या डिस्कच्या नावाखाली "बर्स्ट बॅलन्स" नावाचा आलेख असतो, टक्क्यांत. उद्या सकाळी तो उघडून ठेवा.

आणि मशीन दुप्पट केलंत ते पुन्हा लहान करा.

---

निफाडची_थंडी | सोमवार, रात्री ११:३४

आजोबा, दंडवत. सोसायटीच्या टाकीसारखंच झालं. सकाळी पहिल्या मजल्यावरच्यांनी शॉवर सोडला की साडेआठला चौथ्या मजल्यावर फक्त नळाचा आवाज.

---

सातपूरकर | सोमवार, रात्री ११:४१

म्हणजे १ टीबीवाला सल्ला अगदीच खुळा नव्हता. १००० जीबी गुणिले ३, म्हणजे ३००० कायमचे. खूप जण वेग मिळावा म्हणून रिकामी जागा विकत घ्यायचे. पण तेव्हा इलाज नव्हता म्हणून.

---

बिलवाचक | मंगळवार, सकाळी ७:१५

नेमकं हेच लिहायला आलो होतो. १ टीबी बिलकुल घेऊ नका!

डिसेंबर २०२० मध्ये जीपी-३ आली. तिच्यात जागा आणि वेग यांची फारकत केलीय. डिस्क १० जीबीची असो की १००० ची, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी पायाभूत मिळतातच, टाकी-उधारी काही नाही. वर हवं तर वेगळे पैसे भरून वाढवा. आणि जीबीमागचा दर जीपी-२ पेक्षा साधारण २० टक्के कमी. म्हणजे ताईंना आत्ता आहे त्यापेक्षा कमी पैशात दहापट कायमचा वेग मिळेल. यात कुठेही मेख नाही, मीही शोधली होती.

बदल चालू मशीनवर होतो. डिस्क निवडा, प्रकार बदला, झालं. मशीन बंद करावं लागत नाही. मागे काही तास "ऑप्टिमायझिंग" दिसत राहतं, त्याला घाबरू नका. तरी बदलाआधी एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) काढाच.

अजून एक. क्लाउडवर तुम्ही वापरलेल्या जागेचे नाही, मागितलेल्या जागेचे पैसे भरता. डिस्क कधीही वाढवता येते, कमी करता येत नाही. कमी करायची तर नवी लहान डिस्क घेऊन सगळा माल तिकडे वाहायचा. आपल्याकडे "पुढे लागेल" म्हणून दोन खोल्या जास्तीच्या बांधायची सवय आहे, ती इथे महागात पडते. इथे अंथरूण नंतर ताणता येतं, त्यामुळे पाय आत्ता आहेत तेवढंच घ्या.

---

मोगरा_८१ | मंगळवार, सकाळी ९:०२

अझ्युअरवाल्यांसाठी (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) लिहिते, कारण इथे सगळे एकाच क्लाउडवर आहेत असं धरून चाललंय. तिथल्या प्रीमियम एसएसडीला ठरलेली मापं असतात, शर्टासारखी. पी-१० म्हणजे १२८ जीबी आणि ५०० आयओपीएस. पी-२० म्हणजे ५१२ आणि २३००. पी-३० म्हणजे १ टीबी आणि ५०००. तुम्ही १३० जीबी मागितलीत तरी पुढच्या मापाचे पैसे लागतात.

आणि आजोबांनी सांगितलं नाही ते: प्रत्येक मशीनलाही स्वतःची मर्यादा असते. डिस्क कितीही वेगवान घ्या, छोट्या मशीनचा नळ अर्ध्या इंचाचा असेल तर पाणी तेवढंच येणार. मशीनच्या तक्त्यात डिस्कचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही.

---

आयओपीएस_आजोबा | मंगळवार, सकाळी ९:३०

@मोगरा_८१, बरोबर. राहिलं खरं. वय झालं.

---

गोदाकाठी_निवांत | मंगळवार, सकाळी १०:१५

थोडं वेगळं मत. डिस्क बदला, पण आधी विचारा की एका पॅकहाऊसला सेकंदाला ३००० लागतातच कशाला? वजनकाटे किती आहेत तुमच्याकडे? सहा? मिनिटाला काटामागे चार क्रेट धरले तरी मिनिटाला चोवीस नोंदी. एका नोंदीला डिस्कवर दहा-वीस वेळा जावं लागलं असं धरा. सेकंदाला आठ. ३०० सुद्धा डोक्यावरून पाणी. कुणीतरी भलतंच डिस्क खातंय. ते न शोधता वेग वाढवलात तर ते पुढच्या वर्षी ३००० ही खाईल.

---

बिलवाचक | मंगळवार, सकाळी १०:२२

सीझन चालू आहे, बाहेर पिकअप उभ्या आहेत, आणि तुम्ही म्हणता आधी शोध घ्या. आधी रक्त थांबवा मग एक्स-रे काढा.

---

गोदाकाठी_निवांत | मंगळवार, सकाळी १०:२८

मी "आधी विचारा" म्हटलं, "आधी थांबा" नाही. वाचा तरी नीट राव.

---

पॅकहाऊसवाली | मंगळवार, दुपारी २:१०

आजोबा!! आलेख उघडून बसले होते. ८:०५ ला १०० टक्के. ८:२० ला साठच्या खाली. ८:४१ ला शून्य. आणि त्याच मिनिटाला दोन नंबरच्या काट्यावरच्या मावशींनी हाक मारली, "ताई, बसलं गं तुझं." अंगावर काटा आला.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे पंपाला पाणीच नाही आणि आपण मोटार बदलत होतो.

आज संध्याकाळी माल संपला की स्नॅपशॉट काढून जीपी-३ करते. @गोदाकाठी_निवांत, काटे पाचच आहेत. तुमचा हिशेब बघून मलाही प्रश्न पडलाय.

---

द्वारका_सिग्नल | मंगळवार, दुपारी ३:३०

माझाही अनुभव टाकतो, डी ड्राइव्हचा.

आपल्या सगळ्यांना शिकवलेलं काय? सी वर विंडोज, डी वर डेटा. क्लाउडवर पहिलं विंडोज मशीन घेतलं, कोणत्या क्लाउडवर ते जाऊ द्या. उघडून बघतो तर सी आहे आणि शेजारी छान मोकळी डी! म्हटलं वा, संस्कारी मशीन दिसतंय. अकाउंटिंगचा सगळा डेटा डी वर ठेवला. दोन महिने झकास. मग पैसे वाचवायला शनिवार-रविवार मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच सोमवारी डी उघडली, आत एकच टेक्स्ट फाईल. उघडली तर त्यात लिहिलेलं की ही जागा तात्पुरती आहे, इथे डेटा ठेवू नका. ती फाईल पहिल्या दिवसापासून तिथेच होती. मी तिला "कचरा असेल" म्हणून दोन महिने टाळत होतो.

शुक्रवारचा बॅकअप अकाउंटंट बाईंच्या पेनड्राइव्हवर होता. त्या दिवसापासून त्यांच्या वाढदिवसाला केक मीच आणतो.

---

मोगरा_८१ | मंगळवार, दुपारी ३:४५

😂 ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही टेम्पररी डिस्क ज्या सर्व्हरवर तुमचं मशीन चालू असतं त्याच्याच पोटातली असते. जवळ म्हणून वेगवान. पण मशीन बंद करून परत चालू केलं की ते दुसऱ्याच सर्व्हरवर उठू शकतं, आणि मागची डिस्क मागेच राहते. नुसत्या रीस्टार्टने सहसा जात नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. एडब्ल्यूएसमध्ये हिलाच इन्स्टन्स स्टोअर म्हणतात, स्वभाव तोच. स्वॅप, पेजफाईल, तात्पुरत्या फायली ठेवायला उत्तम.

---

निफाडची_थंडी | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

जाता जाता, जागा दिसत असूनही "जागा नाही" असा एरर आला तर काय बघायचं तेही इथे नोंदवून ठेवतो. डीएफ (रिकामी जागा दाखवणारी कमांड) म्हणतंय ४० टक्के रिकामी, आणि एक फाईल बनत नाही. आमच्याकडे झालं होतं. आयनोड संपले होते. म्हणजे गोदामात जागा आहे पण नोंदवहीची पानं संपली. एका प्रोग्रामने दर स्टिकरची इवलीशी चित्रफाईल करून ठेवली होती, लाखोंनी. डीएफला "-आय" लावून बघा.

याच्या उलट प्रकार: २० जीबीचा लॉग (प्रोग्रामची नोंदफाईल) उडवला तरी जागा मोकळी होईना. ज्या प्रोग्रामने तो उघडून ठेवलाय तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. भाडेकरूने घर सोडलं म्हणतो पण किल्ली त्याच्याच खिशात.

---

गोदाकाठी_निवांत | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी तर डिस्कचा इशारा ८० टक्क्यांवर लावलाय आणि त्या मेसेजचं नाव ठेवलंय "दुतोंड्या मारुती". रामकुंडावर पूर किती चढला हे आपण मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरून सांगतो, तसंच. ७० ला गुडघा, ८० ला कंबर, ९० ला गळा. पुण्याच्या ऑफिसात कुणाला कळत नाही, मीच सांगत बसतो.

---

चिवडा_कमी_तिखट | मंगळवार, संध्याकाळी ६:२४

हे आवडलं. धागा वाचनखुणेत.

---

सातपूरकर | मंगळवार, रात्री ९:००

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाय: एक डिस्क की अनेक?

माझं मत, ओएस वेगळी, डेटा वेगळी, डेटाबेसचा लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) तिसऱ्यावर. जुन्या काळापासून हेच चालत आलंय.

---

आयओपीएस_आजोबा | मंगळवार, रात्री १०:१०

दोनपर्यंत सहमत, तिसऱ्याला विरोध.

ओएस आणि डेटा वेगळे हवेतच. लॉग फुगून मुळातली डिस्क भरली तर मशीन धड उठतही नाही, मग ती काढून दुसऱ्या मशीनला जोडून साफ करत बसावं लागतं. डेटा वेगळ्या डिस्कवर असला की मशीन मोडलं तरी डिस्क सोडवून नव्याला जोडता येते, फक्त दोन्ही एकाच झोनमध्ये (क्लाउडच्या डेटा सेंटरांच्या एकाच गटात) हवेत. शिवाय मशीन डिलीट करताना मुळातली डिस्क बहुधा सोबतच जाते, वेगळी जोडलेली मागे राहते.

तिसरी कशाला नको? लॉग वेगळा करायचा तो काळ फिरत्या चकत्यांचा होता. सुई एकीकडे लिहायला गेली की दुसरीकडचं वाचन थांबायचं. इथे सुई नाही. उलट डेटा आणि लॉग दोन डिस्कवर ठेवलेत आणि स्नॅपशॉट एकेकाचा वेगवेगळ्या क्षणी निघाला, तर परत उभं करताना दोन्ही जुळणार नाहीत. दोन्हींचा एकाच क्षणी स्नॅपशॉट काढायची सोय आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते. ताईंच्या आकाराच्या कामाला एकच डेटा डिस्क बरी.

---

सातपूरकर | मंगळवार, रात्री १०:१८

मोठ्या डेटाबेसला तिसरी लागते, यावर मी ठाम आहे. पण ताईंच्या बाबतीत मान्य.

---

बिलवाचक | मंगळवार, रात्री १०:४०

आणि जी "मागे राहते" ती मीटर पळवत राहते! मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालू असतं. एका ओळखीच्यांच्या खात्यात कुणालाच न जोडलेल्या अकरा डिस्क सापडल्या. नावं काय, "टेस्ट", "टेस्ट२", "फायनल", "फायनल_खरी".

---

पॅकहाऊसवाली | रविवार, रात्री ८:३०

उशिरा आले, माफ करा, आठवडा कंटेनर भरण्यात गेला.

जीपी-३ मंगळवारीच केलं. बुधवारपासून पावणेनऊ आले आणि गेले, कुणाला कळलंही नाही. दोन नंबरच्या मावशी म्हणाल्या, "आज बसलं नाही गं." मशीनही परत लहान केलं.

@गोदाकाठी_निवांत, तुमचा चोर सापडला. हॉलमध्ये मालकांनी टीव्ही लावलाय, आज किती क्रेट आले ते दाखवणारा. तो दर दहा सेकंदांनी २०१९ पासूनच्या सगळ्या हंगामांची बेरीज करून त्यातून आजचा आकडा काढत होता. आणि तेच पान ऑफिसात चौदा जणांच्या ब्राउझरमध्ये उघडं! एका मुलाने फक्त आजच्या तारखेपुरतं करून दिलं आणि तारखेवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखा) टाकला. आता दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा १८० च्या आसपास जातो. म्हणजे जुनी डिस्कही पुरली असती. बिलवाचकांनी रागावू नये.

आज सुट्टी होती म्हणून डेटा वेगळ्या डिस्कवर नेला, ८० जीबी. सगळं नीट झालं, आणि शेवटी मशीन रीस्टार्ट केलं तर उठेचना. दोन तास घाम. कारण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) मी डिस्कचं नाव लिहिलं होतं आणि त्या वेळी तात्पुरती एक तिसरी जोडलेली होती. रीस्टार्टनंतर दोघींच्या नावांची अदलाबदल झाली.

---

आयओपीएस_आजोबा | रविवार, रात्री ९:०५

नावावर कधी जाऊ नये, यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहावा. आणि त्या ओळीतल्या पर्यायांत "नोफेल" टाकावं, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी निदान मशीन उठतं आणि तुम्हाला आत जाऊन बघता येतं. पण मग डेटाबेस आपोआप सुरू होऊ देऊ नका, रिकाम्या फोल्डरवर सुरू व्हायचा प्रयत्न करेल.

ती तिसरी काढलीत ना?

---

पॅकहाऊसवाली | रविवार, रात्री ९:११

सोडवली.

---

बिलवाचक | रविवार, रात्री ९:१२

सोडवली की डिलीट केली?

---

पॅकहाऊसवाली | रविवार, रात्री ९:२०

...आत्ता केली. नाव "टेस्ट" होतं.

आजोबा, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, एक क्रेट पाठवते. एक्सपोर्टमधून बाजूला काढलेले आहेत, मणी लहान म्हणून.

---

आयओपीएस_आजोबा | रविवार, रात्री ९:३१

लहानच गोड असतात. व्यनि केलाय.

---

कर्रकर्र_हार्डडिस्क | रविवार, रात्री ९:४०

कपाटातला सर्व्हर विकायचा आहे का?